कौलआजाची पंधरावी पाकळी

कौलआजाला कुठूनही हाक मारा, तो आधी 'आलो' म्हणायचा आणि मग विचारायचा, 'कोण आहे?' ऊस तोडताना, जेवताना, न्हाणीत अंगावर पाणी घेताना, त्याच्या तोंडातून पहिला शब्द हाच. आम्ही पोरं त्याची खोडी काढायचो. कुंपणाआडून 'आजा' म्हणून ओरडायचो आणि उसात पळायचो. तो 'आलो' म्हणत ओल्या पायांनी बाहेर यायचा, दोन्हीकडे बघायचा. कुणी दिसलं नाही तरी चिडायचा नाही. 'बरं झालं, पाय मोकळे झाले,' म्हणत परत आत जायचा.

तुमच्या गावातही असा एखादा आजा असेल. आमचा होता या बेटावर, बों अक्योय गावाच्या बाजूला, चारी अंगांनी ऊस आणि मध्ये चौदा मराठी घरं, त्यांना लागून. देऊळ म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि खाली शेतातून निघालेला काळा दगड, माझ्या तेव्हाच्या कमरेइतका. तोच देव. आजाची बायको गेलेली, मुलगी तेर रूजला नांदत होती. मळ्यातलं काम सुटल्यावर तो देवळामागच्या फणसाखाली बसून फाताक गवताचे झाडू बांधायचा, आणि गुरुवारी कौल लावायचा. म्हणून कौलआजा.

कौल कसा, ते सांगते, कारण आता पोरांना दाखवायला फारसं कुठे उरलं नाही. गुरुवारी चार वाजता, मळ्यातली माणसं परतली की आजा दगड धुवायचा. जास्वंदीच्या पाकळ्या पाण्यात बुडवून एकेक दगडाला चिकटवायचा. एका घराची एक पाकळी, तिची जागा ठरलेली, आणि लावताना त्या घराचं नाव घ्यायचा. मग आम्ही सगळे गिरणीच्या गोणपाटांवर बसायचो आणि तो धडा सांगायचा. सांगता सांगता पाकळ्या सुकायच्या, कडा सुटायच्या, आणि एखादी सगळ्यांच्या आधी गळून पडायची. ज्या घराची पडली, त्या घराला देवाने हाक मारली. आमचे पणजे ही रीत कोकणातून बोटीवर घेऊन आले. तिकडे कौल म्हणजे देवाला प्रश्न विचारायचा. आजाने तो उलटा करून टाकला होता. 'आपण त्याला किती विचारायचं? एक दिवस त्याला विचारू दे,' म्हणायचा.

हाक आलेल्या घराने लगेच उभं राहून 'आलो' म्हणायचं. पुढच्या गुरुवारी देवळामागचं गटार काढायचं, अंगण झाडायचं, सगळ्यांसाठी प्रसाद रांधायचा आणि शेवटी आठवडाभरात काय उमगलं ते चार लोकांसमोर उभं राहून दोन शब्दांत सांगायचं. गटाराला कुणी भ्यायचं नाही. त्या दोन शब्दांना सगळे भ्यायचे. आमची मराठी अर्धी आजीकडून आलेली, अर्धी इथल्या क्रेओल बोलीत बुडालेली. एकदा एक तरणा गडी उभा राहिला, लाल झाला, 'मो पा कोने' म्हणजे 'मला ठाऊक नाही' एवढंच म्हणून खाली बसला. माणसं हसली. आजा म्हणाला, 'हसू नका. ज्याला ठाऊक नाही तो हाकेला लवकर येतो. ज्याला सगळं ठाऊक, तो आधी चपला शोधतो.' आणि त्या गड्याला म्हणाला, 'क्रेओलमध्ये बोललास तरी चालेल. देवाला येतं. न येऊन करतो काय, इथंच राहायचंय त्याला.'

त्याचे धडे लहान असायचे. बैलाचा धडा मला अजून पाठ आहे. 'बैलाला हाक मारली की तो मान पुढे करतो. जू कुठलं, गाडीत काय भरलंय, विचारत नाही. पण म्हणून बैलाला साधू समजू नका. त्याला चाबूक ठाऊक आहे. तुम्ही चाबकाच्या आधी या.' मग हात पुढे करून दाखवायचा. झाडू बांधून बांधून बोटं वाकडी झालेली. 'हाक मोठ्या माणसाला नसते, मोकळ्या हाताला असते. हातात काही धरलं असेल तर ठेवा खाली.'

खोटं कशाला सांगू, आम्ही धडा कमी ऐकायचो आणि पाकळ्या जास्त बघायचो. आपली पडू नये म्हणून कुणी मनात जप करायचं, कुणी उगाच खोकायचं. सरदारीण, म्हणजे मळ्याच्या मुकादमाची बायको, तिला मात्र घाई असायची. तिची पाकळी पडली की म्हणायची, 'पडणारच होती, आमच्याकडे सगळं आहे.' आजा गटाराचं खोरं तिच्या हातात द्यायचा. ती म्हणायची, 'नोकर पाठवते.' तो म्हणायचा, 'बाई, हाक नोकराला आली असती तर त्याच्या घराची पाकळी पडली असती.'

एकदा वारा सुटला होता आणि पाकळ्या फडफडत होत्या. कुणीतरी विचारलं, 'आजा, वाऱ्याने पडली तर ती देवाची हाक का वाऱ्याची?' आजा म्हणाला, 'वारा कुणाचा?' हे त्याचं बोलणं लक्षात ठेवा, कारण पुढे ते त्याच्यावरच आलं.

आता आमच्या पाकळीचं सांगते. बाप उसाच्या गाडीखाली गेला तेव्हा मी नऊ वर्षांची होते, मागे दोन भाऊ. आई मळ्याच्या मॅनेजरच्या बंगल्यात, आम्ही त्याला ग्रां काझ म्हणायचो, तिथे स्वयंपाकाला लागली. तिथे साहेब लोकांसाठी सगळं रांधावं लागायचं, बैलाचं मांससुद्धा. गावात कुणी तोंडावर बोललं नाही. पण विहिरीवर बायका तिच्या कळशीपासून आपली कळशी एक वीत लांब ठेवायला लागल्या. तेव्हापासून आमची पाकळी पडेना.

एक गुरुवार, दोन गुरुवार, वर्ष गेलं. चौदा घरांपैकी काहींना चार चार वेळा हाक आली. आमची जागा दगडाच्या डाव्या अंगाला, खालच्या बाजूला. तिथे ती पाकळी सुकून काळी व्हायची, कागदासारखी व्हायची, पण पडायची नाही. दुसऱ्या वर्षी आई गुरुवारी सकाळपासून बोलेनाशी झाली. ग्रां काझमधून येताना ती ओढ्यावर थांबायची आणि राखेने हात घासायची. मी काठावर बसायचे. एकदा म्हणाली, 'मंजू, माझ्या हाताला वास येतो का गं?' मी हुंगून म्हटलं, 'राखेचा येतो.' ती म्हणाली, 'तुला नाही कळणार.' आणि पुन्हा घासायला लागली. बोटांच्या पेरांवरची कातडी गेली होती.

लोकांना पाकळी पडण्याची भीती, आणि आमच्या घरात न पडण्याची. तिसऱ्या वर्षी मला बघायला म्हणून नाही, सहज म्हणून सूयाककडची एक लांबची आत्या आली होती. तिने चहा पिता पिता विचारलं, 'तुमच्याकडे कौल कधी आला होता शेवटचा?' आईने कप उचलून नेला. मी बारा वर्षांची होते. मला वाटायला लागलं, देवाने आमचं नाव पुसून टाकलं.

एका गुरुवारी सगळे गेल्यावर मी एकटीच मागे राहिले. राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. मी दगडाजवळ गेले आणि आमची पाकळी उपटायला हात घातला. ती निघेना. नखाने ओढली तर फाटली, वरचा भाग हातात आला, खालचा दगडालाच राहिला. बोटं एकमेकांना चिकटली. मी हुंगलं. फणसाचा चीक. आमच्याकडे कुणाला तो वास सांगावा लागत नाही, आणि तो पाण्याने जात नाही, खोबरेल लागतं, हेही सांगावं लागत नाही. मग मला दिसलं की आमच्या जागेचा दगड इतरांपेक्षा चकचकीत होता, जुना चीक दर वेळी तेलाने पुसून काढल्यासारखा. आणि मागे फणसाच्या बुंध्यावर चिरा होत्या. जुन्या, नव्या, ओळीने.

तीन दिवस मी ते पोटात ठेवलं. आजा आम्हाला फसवतो, हे मनात आलं तरी भीती वाटायची, असलं मनात आणल्याने आणखी काही होईल म्हणून. चौथ्या दिवशी आईने माझी बोटं बघितली. 'चीक कुठे लागला गं तुला? तेल का नाही लावलंस?' मी सगळं सांगितलं. ती खाली बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, 'म्हणजे वास येत नव्हता.' आणि बराच वेळ आपले हात बघत बसली.

गुरुवारी ती मला घेऊन दुपारीच देवळात गेली. आजा फणसाखाली झाडू बांधत होता.

'आजा,' आईने लांबूनच हाक मारली.

'आलो,' तो म्हणाला आणि मग वर बघितलं. 'सखू होय. बस.'

'उभीच बरी. तीन वर्षं बसलेच होते. फणसाला चिरा कशाला मारता?'

त्याने हातातला झाडू खाली ठेवला नाही. दोरीचा एक वेढा घातला, मग दुसरा. शेवटी तो म्हणाला, 'तुझी पोरं लहान. दिवसभर तिकडे राबतेस. वर सगळ्यांना रांधून घालायचं म्हणजे... मला वाटलं, राहू दे अजून थोडं.'

'एवढंच?'

'एवढंच नाही.' आवाज बारीक झाला. 'तू रांधलंस आणि लोक न जेवता उठले तर? ते मला बघवलं नसतं.'

'तुम्हाला बघवलं नसतं.'

'हो.'

'आणि वारा कुणाचा?' आई म्हणाली.

आजाने तेव्हा झाडू खाली ठेवला. आईने आपले दोन्ही हात त्याच्यासमोर धरले, उलटे, पेरं वर करून. 'मला वाटायचं देवाला माझ्या हाताचा वास येतो. तीन वर्षं मी हे हात राखेने घासतेय, आजा. तुम्ही माझी दया केलीत. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, लोक उठले तर उठू देत, पण देवाला मला हाक मारू द्या.'

ज्याच्या तोंडात सदा 'आलो', तो त्या दिवशी म्हणाला, 'चुकलो.' घरातून तेलाची वाटी आणली आणि आमच्या जागेवरचा चीक खरवडायला बसला. मग त्याने राख घेतली आणि तेलही काढलं. आईने त्याला मदत केली नाही. मला करायची होती, तर तिने माझा दंड धरून ठेवला.

चार वाजता माणसं जमली. आजा म्हणाला, 'आज मी लावत नाही. सखू लावेल.'

कुजबुज झाली. सरदारीण म्हणाली, 'त्या हातांनी?'

'त्याच,' आजा म्हणाला. 'आणि सखू, एक माझीही लाव. माझं घर आहे, माझी पाकळी कधी लावलीच नाही मी.' तो स्वतःला घरांत धरतच नव्हता इतकी वर्षं. तो लावणारा होता ना.

आईने चौदा पाकळ्या लावल्या, प्रत्येक घराचं नाव घेत. पंधरावी दगडाच्या अगदी पायथ्याशी लावली. आजा आमच्यात गोणपाटावर येऊन बसला, आणि त्या दिवशी धडा झाला नाही. सगळे नुसते बघत राहिलो. मी आमच्या पाकळीवरून नजर हलवली नाही. तिची कडा सुटली, वळली, अर्धी लोंबली. आणि तेवढ्यात खाली, पायथ्याशी, आजाची पडली.

आम्ही आजाकडे बघितलं. तो उठला, तोंड उघडलं आणि शब्द येईना. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेला तो एवढासा शब्द. चेहरा त्या 'मो पा कोने' म्हणणाऱ्या गड्यासारखा झाला होता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो म्हातारा आहे.

आई दगडाजवळ उभी होती. हळूच म्हणाली, 'आजा, आधी ओ द्या. बाकीचं मग बघू.'

'आलो,' तो म्हणाला. अगदी बारीक आवाजात.

पुढच्या बुधवारी तो आमच्या दारात आला. 'सखू, शिरा तू भाजून दिलास तर...' आई म्हणाली, 'हाक तुम्हाला आलीय. उलथनं तुम्ही धरा.' त्याने धरलं. शिऱ्यात गाठी झाल्या, खालून लागला. सगळ्यांनी खाल्ला, कुणी ब्र काढला नाही. गटार त्याने स्वतः काढलं. आणि दोन शब्द बोलायला उभा राहिला तेव्हा त्याने चिकाचं सगळं सांगितलं, काही न लपवता. शेवटी म्हणाला, 'मला वाटलं मी नम्र आहे, कारण मी कुणालाही ओ देतो. पण दुसऱ्याची हाक मी आपल्याजवळ ठेवून घेतली. याहून मोठा गर्व कुठला असेल, मला ठाऊक नाही.' आणि खाली बसला.

आमची पाकळी त्यानंतर सहाव्या गुरुवारी पडली. आई 'आले' म्हणाली तेव्हा मी तिचा पदर धरला होता, बारा वर्षांची घोडी. पुढचा आठवडा कसा गेला, सांगता येत नाही. तिने तांदळाची खीर केली. पानं मांडली. दोन घरं पानावरून उठून गेली. आजा शेवटच्या पानावर बसला होता. तो पुढे येऊन पहिला घास घेईल, लोकांना लाजवेल, असं मला वाटत होतं. तो हलला नाही. मान खाली घालून आपल्या पाळीची वाट बघत बसला. त्याला ते किती जड गेलं असेल, आता कळतं. सरदारीण समोरच्या खिरीकडे बघत राहिली. मग बोट घालून चाटलं, आणि म्हणाली, 'साखर कमी झालीय.' आणि जेवली. आई ते वाक्य मरेपर्यंत सांगायची. घरी येताना वाटेत मला एवढंच म्हणाली, 'दोनच उठली गं.'

साठ सालच्या मोठ्या वादळात आजाचं घर गेलं, देवळाचे पत्रे गेले, फणस मुळासकट आडवा झाला. दगड तेवढा राहिला. मुलगी त्याला तेर रूजला घेऊन गेली. जाताना तो म्हणाला, 'कौल सखूकडे. पण माझी पाकळी काढू नका.' आम्ही काढली नाही. ती पडली की आई पोर्ट लुईच्या बसच्या कंडक्टरकडे निरोप द्यायची. तो तेर रूजला, आजाच्या मुलीचं घर रस्त्याला लागूनच, बसमधूनच हाक मारून सांगायचा. आणि गुरुवारी आजा बसमधून उतरायचा, काखेत नवा झाडू. गटार काढायचा, गाठींचा शिरा करायचा, दोन शब्द बोलायचा, परत जायचा. अशा पाच-सहा खेपा झाल्या असतील. प्रत्येक वेळी पाठ जरा जास्त वाकलेली.

शेवटच्या वेळी निरोप गेला, गुरुवार आला, बस आली आणि त्यातून त्याची मुलगी उतरली. काखेत झाडू होता. ती देवळाच्या पायरीवर बसली आणि आईला म्हणाली, 'महिनाभर अंथरुणात होते. कुणाला ओळखत नव्हते. कंडक्टरने रस्त्यावरून हाक मारली. आलो, म्हणाले. मग मला विचारलं, कोण आहे? मी म्हटलं, आबा, कौलाचा निरोप आहे. म्हणाले, मग झाडू काढ. मी झाडू काढून आणला तोवर गेले होते.'

तिने पदर खोचला आणि गटार काढलं. आईने पाकळ्या भिजवल्या. चौदा लावल्या आणि पंधरावी ओंजळीत धरून तशीच उभी राहिली, ती वाळेपर्यंत.

आईनंतर कौल माझ्याकडे आला. आता घरं कमी झाली, नातवंडांना दोन शब्दांची आणखीच भीती वाटते, आणि त्यांतल्या एकाचीही पाकळी पडू नये असं मला दर गुरुवारी वाटतं. कामावरून दमून येतात पोरं. कुणाला परीक्षा असते, कुणाचं घरात बरं नसतं. मला सगळं ठाऊक असतं. म्हणून दगडाला हात लावण्याआधी मी माझी बोटं नाकाशी नेते. चिकाचा वास येत नाही ना, बघते, आणि मगच पहिली पाकळी उचलते.